कुंकू पुसलेली काडतुसं

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

वस्ती, ता. शिरूर कासार
३ ऑक्टोबर २०२५

रुद्रप्पा अण्णांना अंगदचा रामराम.

लई वर्सांनी लिवतोय, अक्षराला हसू नका. फोन कावून केला न्हाई म्हणाल, तर फोन बंद करून बायकूनं, ताराबाईनं, ज्वारीच्या कणगीत खुपसलाय. त्याच्यावर रोज कुनीतरी फोन करतंय आन् बोलत न्हाई, नुसतं श्वास सोडतंय. नंबर बदलला तर तिसऱ्या दिवशी नव्या नंबराला बी तेच.

सटवाचं तुमच्या कानावर आलंच आसंल. माझा चुलतभाऊ. मागच्या वर्सी गायरानाला तारेचं कुंपन घातलं, त्या भांडनात चौघांनी त्याला जिवं मारलं. त्या टायमाला वरच्या टेकाडावर मेंढरं घिऊन मी हुतो. बघनारा मी एकटा. १८ नोव्हेंबरला बीडच्या कोर्टात माझी साक्ष हाय. पोळ्यापतूर दारात एक पोलीस बसायचा, आता त्यो बी न्हाई.

साक्षीदार म्हनून परवाना मिळाला हुता. उन्हाळ्यात एका रिटायर फौजदाराकडनं बत्तीस बोराचं बारकं पिस्तूल घेतलं. बंडीच्या आतल्या खिशात बसतंय, वरनं कळत न्हाई. पन गावाला ठावं हाय की हाय. खरं सांगायचं तर त्याच्यामुळंच ती मानसं लांब हाइत.

आता बिघाड सांगतो. खंडेनवमीला ताराबाईनं कोयता, विळा, लोकर कातरायची कातर आन् पिस्तूल पाटावर मांडून पूजा केली. मॅगझीनमधली आठी काडतुसं काढून वळीनं ठेवली, एकेकाला तेलात कालवलेल्या हळदकुंकवाचं बोट. वरची दोन जास्तीची हाइत, त्यास्नी बी. दसऱ्याला ती परत भरून पिस्तुलाचा वरचा भाग मागं वढून बघितला, तर दुसरं काडतूस निम्म्यात आडवं. नखानं काढलं. परत भरलं, तर चौथं अडकलं.

कारखान्यात आपन हुतो तवा काटा बिघडो न्हाईतर भोंगा, इंजिनेर आदी तुमाला हुडकायचा. म्हनून इचारतो. काय करू?

तुमचा
अंगद


॥ श्री मन्मथस्वामी कृपा ॥

युसूफ वडगाव, ता. केज
७ ऑक्टोबर २०२५

चि. अंगद यास रुद्रप्पाचा आशीर्वाद.

पत्र मिळाले. फोन बंद केलास ते एका परीने बरेच झाले. फोनवर सांगितलेले माप ऐकणाऱ्याच्या कानात दोन सुताने वाढते. लिहिलेले वाढत नाही. हे पत्र जपून ठेव आणि ओळ न गाळता वाच.

आधी एक स्पष्ट करतो. पिस्तूल घेऊन इकडे यायचे नाही. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा माझ्याकडे परवाना नाही, आणि मी नियमाबाहेर पान्हा उचलत नाही. पण मला ते बघायची गरजही नाही. शाळा मी सातवीत सोडली, त्यानंतर जे शिकलो ते वस्तू उघडून शिकलो. घड्याळ असो, शिलाई मशीन असो, सोनाराचा काटा असो, स्प्रिंग ती स्प्रिंग.

लोक तुला म्हणतील की मॅगझीन उन्हाळ्यापासून भरून ठेवलेस म्हणून स्प्रिंग मेली. ते मनावर घेऊ नकोस. दाबून ठेवल्याने स्प्रिंग मरत नाही, दाब-सोड दाब-सोड करून मरते. तुझ्या पिस्तुलाची तर दाब-सोड झालेलीच नाही. दोष कुंकवाचा आहे. जेवढे हत्यार बारके, तेवढी त्याची सोसायची ताकद कमी. जुन्या लांब बंदुकीत मूठभर धूळ गेली तरी ती चालते. खिशातल्या पिस्तुलात सगळा कारभार तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत चाललेला असतो. तिथे तेलात कालवलेली हळद वाळली म्हणजे खळ लावल्यासारखेच. काडतूस वर सरकताना मागच्याला चिकटते आणि तिरके होते.

तर असे कर. मॅगझीन रिकामे कर. दहाही काडतुसांवर मार्करने आकडे घाल, म्हणजे कोणते अडते ते कळेल. मॅगझीनच्या वरच्या दुमडलेल्या दोन कडांमधले अंतर दोन्ही टोकांना सारखे आहे का ते कागदाची घडी घालून बघ. आतून कोरडे कापड फिरव. काडतुसांचे अंग कापडाने पुसून निघेल, पण बुडाशी मधोमध जी गोल टोपी असते, जिच्यावर पिन आपटते, तिच्या भोवतीच्या खाचेत कुंकू बसलेले असणार. तिथे कापड पोचत नाही. त्यासाठी पार्सलात बारकी बाटली पाठवतो आहे. गंज सोडवायचे पातळ तेल आहे, माझ्या दुकानात याच्याशिवाय पान हलत नाही. जिथे केस शिरत नाही तिथे हे शिरते. प्रत्येक टोपीवर एकच थेंब टाकायचा, रात्रभर बुड वर करून उभे ठेवायचे आणि सकाळी पुसायचे. थेंब म्हणजे थेंब, धार नाही.

ताराबाईला माझा नमस्कार सांग. म्हणावे, पुढच्या दसऱ्याला कुंकू पाटाला लावा, काडतुसाला नको.

तुझा
रुद्रप्पा


वस्ती, ता. शिरूर कासार
१२ ऑक्टोबर २०२५

रुद्रप्पा अण्णांना रामराम.

बाटली पोचली. तुमी लिवल्यापरमानं समदं केलं. दहाची दहा काडतुसं चुलीपासनं लांब, कोनाड्यात, बुड वर करून उभी केली. मेंढरं दवाखान्यात लायनीला लावल्यावानी दिसत हुती.

ताराबाई काय गप बसती का. म्हनली, "देवाचं कुंकू पुसून त्येल लावा म्हनून कुनी सांगितलं? त्या वडगावच्या वैद्यानं?" मी म्हनलं, अण्णाला यंत्र कळतं. तर म्हनली, "यंत्र कळत आसंल, येळ कळती का?" तिचं मनावर घिऊ नका. रातभर ती बी जागीच आसती.

पन अण्णा, आता लोन्यावानी चालतंय. आठी काडतुसं एका मागं एक वर येऊन भाईर पडली, एक बी अडकलं न्हाई. सात येळा केलं. मग तुमचं दाब-सोड आठवलं आन् बंद केलं.

आता एकच इचारायचं हाय, आन् लाज वाटती. मी ते कदीच उडवलेलं न्हाई. परवान्यावर वर्साला पंचवीसच काडतुसं, आन् दुकानदार म्हनतो जानेवारीपतूर माल न्हाई. फौजदारानं घरात बसून दावलं, असं धरायचं, असं वढायचं. टायमावर वाजंल का न्हाई, हे कसं कळायचं? काल सांजंला टेकाडावर दोन मोटरसायकली उब्या हुत्या. उतरल्या न्हाईत, नुसत्या उब्या हुत्या. मी बंडीवरनं हात फिरवला तशा गेल्या. तेवढ्यावरच चाललंय बगा समदं.

अंगद


युसूफ वडगाव
१५ ऑक्टोबर २०२५

चि. अंगद यास आशीर्वाद.

लाज कशाची? तुझा प्रश्न बरोबर आहे, आणि तो विचारणारी माणसे थोडी असतात. बहुतेक लोक हत्यार कमरेला लावतात आणि ते चालते असे धरून बसतात.

मी दोन दिवस हिशेब केला. मी कोणताही काटा दुरुस्त केला तर तो दोनशे वेळा तोलल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. पिस्तुलाचेही तसेच असले पाहिजे. त्याच मॅगझीनमधून, त्याच जातीची दोनशे काडतुसे एकही न अडता उडाली, तर त्याच्यावर जीव टाकावा. तुझ्या परवान्यावर वर्षाला पंचवीस. जवळ दहा, आणि जानेवारीपर्यंत नवा माल नाही. म्हणजे तुझ्या पिस्तुलावर पुरता विश्वास ठेवायला आठ वर्षे लागतील, आणि तोवर जवळ एकही काडतूस उरणार नाही. साक्ष चौतीस दिवसांवर आहे.

नेमबाजीच्या मैदानावर जायचे तर ते दोन जिल्हे ओलांडून, आणि तिथे सभासद नसलेल्याला उभे करत नाहीत. राहिले तुझे रान. तिथे एकही गोळी उडवू नकोस, हे मी अधोरेखित करतो. विनाकारण गोळी उडवली तर गुन्हा तुझ्यावर होईल, आणि समोरचा वकील कोर्टात पहिल्या वाक्याला म्हणेल की हा साक्षीदार स्वतःच गुंड आहे. सटवाची केस तिथेच संपेल.

म्हणून जे हातात आहे तेवढेच करायचे. मॅगझीन स्वच्छ आहे, कडा सारख्या आहेत (तू अंतर लिहिले नाहीस, पण सात वेळा अडले नाही म्हणजे सारख्या असणार), काडतुसे स्वच्छ आहेत. पिस्तूल घामाच्या बाजूला ठेवू नकोस, आणि खिशात दुसरे काही नको. तंबाखूची पूड तर अजिबात नको.

बाकी माझ्यावर सोड. वेळ आली की गोळी उडणार, याची हमी माझी. लेखी देतो. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली वस्तू परत आलेली नाही. निर्धास्त झोप.

रुद्रप्पा
(रुद्रप्पा, काटा-घड्याळ-शिलाई मशीन दुरुस्ती, बाजार गल्ली, युसूफ वडगाव. खाली दुकानाचा शिक्का मारला आहे.)


वस्ती
२५ ऑक्टोबर २०२५

अण्णा, रामराम.

दोन वाजली न्हाईत.

सविस्तर लिवतो. काल दुपारी तळ्यावर मेंढरं पान्याला लावली हुती. उत्तरेश्वर आला, संगं दोघं. उत्तरेश्वर म्हंजे त्या चौघांतल्या थोरल्याचा भाऊ, जामिनासाठी त्योच पळत हुता. म्हनला, "काय अंगदराव, बीडाला जायाची तयारी झाली का?" मी मेंढरं वळवायला लागलो. म्हनला, "मेंढरं कुनाच्या नावावर करून चाललायस?" संगतीच्यानं माझ्या हातातली काठी धरली.

मी पिस्तूल काढलं. मानसाकडं न्हाई धरलं अण्णा, त्यांच्या पायापुढल्या चिखलाकडं धरलं. म्हनलं, मागं सरका. आन् सरकले. खरंच सरकले, काठी बी सोडली. उत्तरेश्वरचं तोंड उतरलेलं मी बघितलं. तेवढ्यावर मी गेलो आसतो तर बरं झालं आसतं.

मग त्यो म्हनला, "उडव की बे."

मी चिखलाकडं घोडा वढला. टक. नुसतं टक, कुलूप लावल्यावानी. वरचा भाग मागं वढला, पयलं भाईर पडलं, दुसरं बसलं. परत वढला. टक. तिसऱ्या येळेला मी वढलाच न्हाई.

कुनी हसलं न्हाई. उत्तरेश्वर वाकला, चिखलात पडलेलं काडतूस उचललं, नाकाला लावलं. धोतराला पुसलं आन् माझ्या बंडीच्या खिशात घातलं. म्हनला, "जप बे, म्हाग आसत्यात." आन् गेले. मारलं बी न्हाई. मारलं आसतं तर बरं वाटलं आसतं.

तुमी सांगितल्यापरमानंच केलं हुतं. कावून वाजली नसतील?

अंगद


युसूफ वडगाव
२९ ऑक्टोबर २०२५

चि. अंगद यास.

तू सुखरूप आहेस हे मुख्य. पत्र चार वेळा वाचले.

आता शांतपणे बघू. तू लिहितोस, 'तुमी सांगितल्यापरमानंच केलं'. मी प्रत्येक पत्राखाली कार्बन धरतो, प्रत माझ्यापाशी आहे. ती काढून पुन्हा वाचली. तिच्यात चूक दिसत नाही.

कारणे बरीच असू शकतात. पिनेची स्प्रिंग मऊ पडली असेल तर ठोका हलका बसतो. फौजदाराने काडतुसे माळ्यावर पत्र्याखाली ठेवली असतील तर आठ उन्हाळ्यांत दारू मरते. काडतुसांच्या बुडावर साल असते, ते तू कळवले नाहीस. मी विचारायला हवे होते, पण तूही सांगायला हवे होते. तेल सकाळी नीट पुसलेस का? कापड कोणते होते? सुती की तारेच्या चमकीचे?

मला एक गोष्ट बघून कळव. न वाजलेल्या दोन काडतुसांच्या टोपीवर पिनेचा खड्डा पडला आहे का, आणि किती? उथळ असेल तर दोष पिस्तुलाचा. सुईने खोली मोज आणि चित्र काढून पाठव. अंदाजाने लिहू नकोस.

तोवर मेंढरं तळ्यावर एकट्याने नेऊ नकोस.

रुद्रप्पा


वस्ती
२ नोव्हेंबर २०२५

अण्णा, रामराम.

मागं चित्र काढलंय. खड्डा दोन्हीला हाय, बरोबर मधी, चांगला खोल. सुई अर्धा सूत आत जाती. कापड सुती हुतं, ताराबाईच्या जुन्या लुगड्याचं. नीट पुसलं हुतं, घासून. साल बुडावर वाचता येत न्हाई, पन काडतुसं फौजदाराची न्हाईत अण्णा, मीच जूनमदी दुकानातनं घेतल्याली हाइत. नवी.

तुमच्यावर आरोप न्हाई. तुमी इचारलं म्हनून लिवलं.

मेंढरं एकट्यानं नेऊ नको म्हनता. संगं कोन येनार? गावात आता कळलंय. आदी बंडीवर हात ठेवला की रस्ता मोकळा व्हायचा, आता पोरं बी इचारत्यात, "अंगदमामा, टक करून दावा की." काल तळ्यावरले तेच तिघं दारात आले आन् पानी मागितलं. ताराबाईनं दिलं. ते प्याले, चांगलं गार हाय म्हनले, गेले. तिनं तांब्या राखंनं तीन येळा घासला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

सोळा दिवस राहिले.

अंगद


युसूफ वडगाव
७ नोव्हेंबर २०२५

अंगद,

आज मायना लिहीत नाही. हे वाचून तुला माझ्याविषयी जे वाटेल ते वाटू दे.

खड्डा खोल, काडतुसे नवी. म्हणजे पिस्तूल नव्हे आणि माळाही नव्हे. मग उरते काय, हे मला तुझे चित्र बघताक्षणीच कळले होते. तरी मी ते लगेच कळून घेतले नाही. माझ्यापाशी काडतूस नाही आणि असूही शकत नाही. श्रीशैलच्या किराणा दुकानात दिवाळीच्या उरलेल्या टिकल्या होत्या. श्रीशैल माझा धाकटा भाऊ. दोन डब्या आणल्या. वीस टिकल्या कोऱ्या ठेवल्या, विसांवर त्याच पातळ तेलाचा एकेक थेंब टाकला, रात्रभर राहू दिला, सकाळी लुगड्याच्या कापडाने पुसून दिवसभर वाळवल्या. संध्याकाळी ओट्यावर बसून हातोडीने एकेक ठोकली. श्रीशैल म्हणाला, "अण्णा, दिवाळी संपली." कोऱ्या विसातल्या एकोणीस वाजल्या. तेलाच्या विसातली एकही नाही.

मला वाटले वीस थोड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी वीस केल्या. त्यांतल्या दोन फुसकन धूर सोडून विझल्या. बाकी काही नाही.

काडतुसाची टोपी ही टिकलीच असते. तिच्यात जी चिमूटभर दारू असते ती ठोक्याने पेटते आणि मग आतली मोठी दारू पेटवते. टोपीच्या भोवतीच्या खाचेतून हवासुद्धा आत जाऊ नये अशी ती बसवलेली असते. मी तुला तिथेच थेंब टाकायला लावला. जिथे केस शिरत नाही तिथे शिरणारे तेल, असे मीच फुशारकीने लिहिले आहे, कार्बनवर निळे दिसते आहे. ताराबाईचे कुंकू वरच्या वर होते. त्याने काडतूस अडकले असते, फार तर. मी ते आतून मारले. एकही ठेवले नाही, दहाच्या दहा.

उत्तरेश्वरने ते नाकाला लावले असे तू लिहिलेस. त्याला वासाने कळले. मला लिहून कळले नाही.

मोठ्या बंदुका उघडणारी माणसे हे पहिल्या दिवशी शिकत असतील. मला कोणी शिकवले नाही, आणि मी कोणाला विचारले नाही. मला वाटत होते की तेवढ्याने माझी किंमत वाढते.

आता ती काडतुसे जवळ बाळगू नकोस. त्यांच्या भरवशावर दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. दुकानदाराला पुन्हा विचार, माझे नाव घेऊन विचार, मी जे झाले ते लिहून द्यायला तयार आहे. ठाण्यातही देतो, कोर्टातही देतो. १८ तारखेला सकाळी मी बीडच्या स्टँडवर येतो. माझ्यापाशी हत्यार नाही, पण तुझ्या शेजारून चालायला काही परवाना लागत नाही.

रुद्रप्पा


वस्ती
१२ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

पत्र मिळालं. येऊ नका. काय लिहून बी देऊ नका, कुटं बी. हितं समदं ठीक हाय. आता पत्र पाठवू नका.

अंगद


युसूफ वडगाव
१४ नोव्हेंबर २०२५

चि. अंगद यास.

रागावलास, हे बरोबरच आहे. तू नको म्हणतोस म्हणून येत नाही. पण पत्राशिवाय राहवत नाही. एवढेच कळव की साक्ष झाली.

रुद्रप्पा


वस्ती
२० नोव्हेंबर २०२५

रुद्रप्पा अण्णांना रामराम.

राग न्हाई. राग आसता तर लिवलं आसतं. कावून येऊ नका म्हनलं ते आता सांगतो.

९ तारखेला, तुमचं टिकल्यांचं पत्र यायच्या आदी, पोलीस आले. उत्तरेश्वरनं तक्रार दिली हुती की मी तळ्यावर त्याच्या जिवावर उठलो, दोनदा घोडा वढला, नशिबानं वाजली न्हाई. पिस्तूल न्हेलं, दहा काडतुसं न्हेली, परवाना न्हेला. पिस्तूल ज्या डब्यात हुतं त्याच डब्यात ताराबाईनं तुमची पत्रं ठेवली हुती. पंधरा ऑक्टोबरचं वरच हुतं. पंचनाम्यात लिवलं, 'पत्र एक, दोन पानी, निळी शाई, शिक्क्यासहित.'

तीन दिसांनी उत्तरेश्वर घरी आला. एकटाच. हातात त्या पत्राची झेरॉक्स. कुटनं आनली ते मी इचारलं न्हाई. बाजंवर बसून त्यानं वाचून दावलं, शाळेत धडा वाचल्यावानी. "वेळ आली की गोळी उडणार, याची हमी माझी. लेखी देतो." म्हनला, "बघ, ह्याला म्हनत्यात आदीपासनं तयारी. तू आत जाशील. आन् हा बिगरपरवान्याचा मिस्त्री बी आत. नाव हाय, गल्ली हाय, शिक्का हाय, हुडकायला बी लागायचं न्हाई." मग म्हनला, "न्हाईतर आठराला तुला काय दिसलं न्हाई. आन् आमाला बी काय दिसलं न्हाई."

मी म्हनलं, अण्णानं फकस्त यंत्र नीट केलं. म्हनला, "नीट केलं आसतं तर आज मी तुज्यापुढं बसलो आसतो का? ते तर सांग." 

त्यो गेल्यावर मी ताराबाईला इचारलं, काय करू. ती मेंढीची धार काढत हुती. म्हनली, "मला इचारू नका. हो म्हनलं तरी माज्या अंगावर, न्हाई म्हनलं तरी माज्या अंगावर."

आठराला कोर्टात सरकारी वकिलानं इचारलं, त्या दिवशी काय बघितलं? मी म्हनलं, धुरळा हुता. मानसं हुती, तोंडं दिसली न्हाईत. त्यानं माझा जुना जबाब वाचून दावला, चौघांची नावं घेतली, म्हनला हे तुमीच सांगितलं हुतं ना? मी म्हनलं, आठवत न्हाई. त्यानं कागद फायलीत ठेवला. जज्जसाहेबांनी फुडं लिवायला सांगितलं. दहा मिंटं बी लागली न्हाईत अण्णा. मी वर्सभर त्या दहा मिंटांना भीत हुतो.

बबिता मागच्या बाकावर हुती. सटवाची बायकू. ती माझ्याकडं बघत नव्हती, वर पंख्याकडं बघत हुती.

स्टँडवर शिरूरची गाडी लागल्याली नव्हती. मी लांब जाऊन उबा ऱ्हायलो. ती आली, शेजारच्या बाकड्यावर बसली, फडकं सोडलं. भाकरी आन् शेंगदान्याची चटनी. दोन वाटे केलेले. म्हनली, "खा भावजी. सकाळी दोघांची बांदली हुती. वाया कावून घालवायची."

मी खाल्ली. न्हाई म्हनायला तोंड नव्हतं.

पिस्तुलाची चौकशी सहा म्हैने चालंल म्हनत्यात. तुमाला आता कोन हात लावनार न्हाई. तक्रार त्यांनी मागं घेतली.

अंगद


युसूफ वडगाव
२५ नोव्हेंबर २०२५

अंगद,

तीन वेळा लिहिले आणि फाडले. हे चौथे. याच्याखाली कार्बन धरलेला नाही.

तू मला वाचवायला कोर्टात तसे बोललास, हे तू कुठे लिहिले नाहीस, पण मला वाचता येते. तुझे पत्र आल्यापासून दुकान उघडतो आणि स्टुलावर बसून राहतो. काल एक बाई मशीन घेऊन आली, टाका सुटतो म्हणाली. मी तिला दुसऱ्याकडे जायला सांगितले. तेलाच्या कुपीला हात लावावासा वाटेना.

तुझ्या हातून जे झाले ते तू मला सांगितलेस. माझ्या हातून जे झाले ते ज्या बाईला सांगायला हवे तिला मी ओळखतही नाही. बबिताला पत्र लिहावे असे मनात आहे. सगळे क्रमाने लिहीन. तेल कोणाचे, सल्ला कोणाचा, हमी कोणाची, आणि तू धुरळा का पाहिलास. तिने तुला दोष देऊ नये एवढ्याचसाठी. क्षमा मागायची माझी लायकी नाही, मागणारही नाही. दुसरे काही मला येत नाही, लिहिता येते.

तिचा पत्ता कळव. घर नंबर असेल तर तोही.

रुद्रप्पा


वस्ती
२९ नोव्हेंबर २०२५

रुद्रप्पा अण्णांना रामराम.

बबिताला वाचता येत न्हाई. सटवा गेल्यापासनं तिला आलेला कागद, कोर्टाचा आसू दे न्हाईतर बँकेचा, ती माझ्याकडंच घिऊन येती. पायरीवर बसती. मी वाचून दावतो.

पत्ता माझाच हाय. पाठवायचं तर पाठवा.

अंगद